अर्जावर न लिहिलेली नावे

यंदाच्या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रस्तुत लेखकास प्रथम संकोचच वाटला. मी कोणी इतिहाससंशोधक नव्हे. अकरावीची जुनी मॅट्रिक होऊन पुढे छत्तीस वर्षे खेड्यापाड्यांतील मुलांना शिकविणारा एक साधा शिक्षक. तथापि निकालाचे दिवस आले की आपल्या ज्ञातिबांधवांपैकी कोणी ना कोणी पालक हातात कागद घेऊन दारी येतात. त्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नसते. मुलाला किंवा मुलीला गुण चांगले पडलेले असतात, नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळावा अशी मनीषा असते, आणि पालक विचारतात, "गुरुजी, हा अर्ज कसा भरायचा?" हा प्रश्न दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. तो किती मोठा आहे हे ध्यानात यावे म्हणून एका विद्यार्थ्याच्या अर्जांची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचे चरित्र सर्वांस ठाऊक आहे. महाड, गोलमेज परिषद, राज्यघटना हे विषय थोर आहेत. परंतु ते आजचे विषय नव्हेत. आज आपण केवळ विद्यार्थी आंबेडकर पाहू, आणि त्यातही शाळा-कॉलेजच्या दारातील कागद तेवढे पाहू.

पहिला कागद साताऱ्याचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. हाच दिवस २०१७ सालापासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यामुळे घरात अक्षरओळख होती, इंग्रजीचेही वावडे नव्हते. परंतु विद्यापीठाची वाट त्या घराला सर्वस्वी नवी होती. पुढे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीत एकच खोली. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहून मुलाला अभ्यासासाठी उठवीत. मुलाच्या पुस्तकांसाठी त्यांनी लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणून गहाण ठेवल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. संस्कृत शिकण्याची भीमरावांची इच्छा होती. ती जातीमुळे नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. गुण पडले ७५० पैकी २८२. माझी पालकांस विनंती आहे की, हा आकडा त्यांनी दोनदा वाचावा. शेकडा अडतीससुद्धा नव्हेत! त्या काळी परीक्षा कठीण असे हे खरे. तरी केवळ गुणपत्रिकेवरून पारख करणाऱ्यास या मुलात पुढे काय दडलेले आहे याचा सुगावाही लागला नसता.

परंतु एका शिक्षकास तो लागला होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला होता. मॅट्रिकच्या यशाबद्दल भीमरावांचा सत्कार झाला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिले. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आपणही दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो. शाल येते, श्रीफळ येते, छायाचित्र निघते आणि मंडळी घरोघर जातात. केळुसकर सत्कार करून घरी बसले नाहीत, हा या हकीकतीचा गाभा आहे.

एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत मजल गेली आणि रामजींचे बळ सरले. तेव्हा केळुसकरांनी भीमरावांना बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या भेटीस नेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या आरंभी ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तोच वडिलांच्या आजाराची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले.

ज्याने मुलासाठी रात्री जागवल्या तो बाप गेला. अशा वेळी पहिल्या पिढीचा विद्यार्थी बहुधा थांबतो. घर चालवावे लागते. भीमराव थांबले नाहीत, कारण पुन्हा एक दार उघडे होते. महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठविणार होते. ४ जून १९१३ रोजी, वडील जाऊन चार महिने झाले असता, भीमरावांनी करारपत्रावर सही केली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावयाची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय अवघे बावीस.

कोलंबियात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे निराळेच. १९१५ साली ते एम. ए. झाले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी त्यांची योग्यता ओळखली. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेण्याची वेळ आली, तेव्हा याच सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना शिफारसपत्र दिले. फॉक्सवेल यांचा अभिप्राय असा पडला की, या विद्यार्थ्याने येथे नव्याने जिंकावे असे काही उरलेलेच नाही. तरीही भीमरावांनी रीतसर प्रवेश घेतला, १० पौंड १० शिलिंग फी भरली आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव नोंदविले.

परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक दूरदर्शी गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली. विद्यार्थी मित्रांनो, हे बारकाईने पाहा. दार बंद होत असताना संतापून त्यावर डोके आपटण्याऐवजी त्यांनी ते किंचित किलकिले ठेवून घेतले. स्वतंत्र जहाजाने येणारे त्यांचे ग्रंथ पाणतीराने समुद्राच्या तळाशी गेले. बडोद्यास त्यांना जातीमुळे राहावयास घर मिळाले नाही, आणि दहा वर्षांच्या सेवेचा करार तेथेच खुंटला.

१९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. कोल्हापूरच्या श्री शाहू छत्रपतींनी साहाय्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. फी एक गिनीने वाढून ११ पौंड ११ शिलिंग झाली होती. पण चार वर्षांची मुदत टळली नव्हती.

आता एक लहानशी गोष्ट, जी मला सर्वांत मोलाची वाटते. १९२१ च्या उन्हाळी परीक्षेचा अर्ज पाठवावयाचे बाबासाहेबांच्या हातून राहून गेले! संस्थेच्या सचिव मिसेस मेअर यांना त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या कार्यालयास पत्र लिहावे लागले. त्याच वर्षी ते एम. एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. डॉक्टरेटचा प्रबंध प्रथम सुधारणांसाठी परत आला. तो दुरुस्त करून पाठविल्यावर १९२३ साली मान्य झाला. तेव्हा अर्ज चुकणे हे बुद्धीच्या उणिवेचे लक्षण नव्हे. इतका प्रज्ञावंत पुरुषही एक कागद विसरू शकतो. विसरलेला कागद कोणी सावरतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

तो सावरणारा हात मुलापाशी नसला म्हणजे काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. नव्हे, त्यात माझाही दोष आहे. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली एक मुलगी पुढे दहावीला तालुक्यात अग्रेसर आली. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. पुण्याच्या एका नामांकित संस्थेत तिला प्रवेश हवा होता. मी तिच्या घरी पेढा खाल्ला, पाठ थोपटली, सत्काराच्या सभेत भाषणही केले. अर्जाची तारीख मला ठाऊक होती. कोणी तरी तिला सांगितले असेलच, असे मी गृहीत धरले. उत्पन्नाचा दाखला हाती येईपर्यंत अर्ज करता येत नाही अशी तिच्या वडिलांची समजूत होती. ते माझ्याकडे आले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. "गुरुजी, आम्हाला कोण सांगणार?" एवढेच ते म्हणाले. रागाचा एक शब्दही नव्हता. ती मुलगी आज आपल्या संसारात सुखी आहे. परंतु ते वाक्य मला अद्याप सोडीत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या द्वारे मंडळाच्या चालकांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, प्रत्येक गावी अर्ज वाचून दाखविणारा, तारखा ध्यानात ठेवणारा आणि दाखल्यांची धावपळ निकालाआधीच सुरू करविणारा एक माणूस नेमावा. आता अर्ज संगणकावर भरावे लागतात. तेव्हा तो तरुण असल्यास उत्तम. दुसरी, विद्यार्थी साहाय्य निधीतील काही रक्कम यश मिळाल्यानंतरच्या बक्षिसाऐवजी यशाच्या आधीच्या खर्चासाठी ठेवावी. अर्जाची फी, मुलाखतीचा प्रवास, परगावी दोन दिवसांचा मुक्काम, येथेच गरिबाचे पोर अडते.

तिसरी सूचना काहींना रुचणार नाही, तरी ती सांगणे मी कर्तव्य समजतो. ज्याने जातिसंस्थेवर जन्मभर आघात केला त्या पुरुषाची हकीकत ज्ञातीच्या स्मरणिकेत यावी, यात विसंगती आहे हे मला समजते. परंतु वर आलेली नावे मोजून पाहा. केळुसकर, बोले, सयाजीराव, शाहू महाराज, पारशी भथेना, न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबातील सेलिग्मन. यांपैकी एकही जण भीमरावांच्या जातीचा नव्हता. यांतील कोणाचेही नाव त्या अर्जांवर अर्जदार म्हणून नाही. पण यांच्यावाचून ते अर्ज पुरे झाले नसते. तेव्हा आपल्या मार्गदर्शकाच्या दारी शेजारच्या आळीतील, कोणत्याही जातीचे मूल कागद घेऊन आले, तर त्याला आडनाव विचारून परत पाठवू नये. निधी मर्यादित आहे, तो आपल्या मुलांसाठी असो. ज्ञानाला तशी मर्यादा नाही. सांगितल्याने ते कमी होत नाही.

अखेरीस, दोन अर्पणपत्रिकांचा उल्लेख करून हा लेख पुरा करतो. रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केला. ज्यांनी रात्री जागवल्या आणि ज्यांनी दार उघडले, त्या दोघांचेही ऋण त्यांनी असे मानले. आपल्या घरांत रात्री जागविणारे आईबाप पुष्कळ आहेत. दार दाखविणारे वाढावेत, आणि येत्या निकालानंतर कोणाही बापाला "आम्हाला कोण सांगणार?" असे म्हणण्याची वेळ येऊ नये, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून रजा घेतो.