दारू सुटतानाचे पहिले पाच दिवस

श्रावण सुरू झाला की पेडणे तालुक्यातील अनेक घरांत बाटली बाजूला ठेवली जाते. कोणी देवाला गाऱ्हाणे घालून नेम धरतो, कोणी तुळशीची माळ घालतो, कोणी घरच्यांच्या हट्टाखातर महिनाभर थांबतो. अधूनमधून पिणाऱ्याला त्यात फारसे जड जात नाही. वर्षानुवर्षे सकाळपासून पिणाऱ्या माणसाने मात्र एकाएकी दारू तोडली, तर पुढील चार-पाच दिवस त्याच्या शरीराची अवस्था निर्धाराच्या हाताबाहेर जाऊ शकते. या दिवसांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली जो उपचार केला जातो त्याला निर्विषीकरण म्हणतात. व्यवहारात डिटॉक्स हाच शब्द रूढ आहे. फळांच्या रसाने शरीर शुद्ध करण्याच्या जाहिरातींशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

मद्यार्क मेंदूची उत्तेजना दाबतो. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू तोल सांभाळण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की दाब नाहीसा होतो आणि वाढलेली उत्तेजना तेवढी उरते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत काहींना आकडी येते. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, थोड्या रुग्णांत डिलिरियम ट्रेमेन्स ही गंभीर अवस्था उद्भवते: ताप चढतो, नाडी व रक्तदाब वाढतो, स्थळकाळाचे भान सुटते, अंगावर किडे चढताना किंवा नसलेली माणसे समोर उभी दिसतात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू ओढवू शकतो.

ही लक्षणे पाहून घरच्यांचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. चार दिवस दारूला न शिवलेला माणूस रात्री अंगणातल्या कोणाशी तरी बोलू लागला, तर देवचाराची आठवण आधी होते, डॉक्टरांची नंतर. वृत्तपत्राच्या टेबलावर ‘दारूच्या नशेत’ हे शब्द असलेल्या बातम्या सतत येतात. ‘दारू तुटल्यामुळे’ असे लिहिलेली बातमी क्वचितच हाताखालून जाते. दुसरा नेहमीचा प्रसंग इस्पितळातील. दुचाकीवरून पडून पाय मोडलेला रुग्ण दाखल होतो, रोज किती पितो हे संकोचाने कोणी सांगत नाही आणि तिसऱ्या दिवशी तो सलाईनची नळी उपटून पळू पाहतो. दाखल करतानाच रोजचे प्रमाण आणि शेवटच्या पेल्याची वेळ सांगितली, तर डॉक्टर हे आधीच रोखू शकतात.

उपचार तसा साधा, पण काटेकोर असतो. थरथर, घाम, अस्वस्थता, भास यांना गुण देऊन तीव्रता ठरावीक अंतराने मोजतात. त्यानुसार क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा यकृत बिघडलेले असल्यास लोराझेपाम यांसारखी औषधे देऊन, काही दिवसांत ती उतरवत बंद करतात. ही औषधे दारूचीच जागा काही काळ घेतात. म्हणून त्यांची मात्रा घरच्या घरी ठरवू नये. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व दिले जाते. दीर्घकाळ पिणाऱ्यांत त्याची तूट असते. अशा रुग्णाला थायमिनशिवाय केवळ ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूला गंभीर इजा होण्याची भीती असते. ‘ताकद यावी’ म्हणून गावातच दोन बाटल्या लावून घेण्याची आपली सवय येथे घातक ठरू शकते. जेवणात गुपचूप मिसळल्या जाणाऱ्या गोळ्यांचेही तेच. डायसल्फिरॅम पोटात असताना माणूस प्याला, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो.

प्रत्येकाला दाखल व्हावे लागत नाही. त्रास सौम्य असेल, घरी जबाबदार माणूस असेल आणि रोज तपासणी शक्य असेल, तर बाह्यरुग्ण म्हणूनही उपचार होतात. पूर्वी आकडी किंवा भ्रम झालेला, यकृताचा वा हृदयाचा आजार असलेला, वयस्क किंवा आत्महत्येचे बोलणारा रुग्ण मात्र इस्पितळातच हवा. पेडणेकरांसाठी पहिले दार तुयेचे सामाजिक आरोग्य केंद्र. पुढे कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाचे जिल्हा इस्पितळ, आणि त्यापुढे बांबोळी, जिथे गोमेकॉ व मानसोपचाराची सरकारी संस्था शेजारी-शेजारी आहेत. तुयेचे नवे इस्पितळ गोमेकॉशी जोडावे या मागणीकडे या अंगानेही पाहायला हवे. आकडी आलेल्या रुग्णाला तो रस्ता फार लांब वाटतो.

ब्राऊन शुगरचे गणित वेगळे. शेवटच्या मात्रेनंतर ८ ते १२ तासांत अंगदुखी, जुलाब, नाक-डोळ्यांतून पाणी सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ते टोकाला जाते. वेदना असह्य असतात, तरी दारूसारखा थेट जीवघेणा धोका सहसा नसतो. धोका नंतर येतो: शरीराची सहनशक्ती उतरलेली असताना जुनी मात्रा पुन्हा घेतली, तर श्वास थांबू शकतो. म्हणूनच येथे ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ चालू ठेवतात. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे इस्पितळ टाळतात. त्यांनी अमली पदार्थविरोधी कायद्याचे ६४-अ हे कलम माहीत करून घ्यावे. सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

निर्विषीकरणाने शरीर मोकळे होते, ओढ संपत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग यांवर भर आहे तो त्यामुळेच. गोव्यातही याबाबत मोलाचे काम झाले. संगाथ संस्थेच्या संशोधकांनी राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांशी मोजक्या भेटी झालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे पिणे तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हे पुरुष पूर्ण परावलंबी झालेले नव्हते. म्हणजे थरथर सुरू होण्याच्या कितीतरी आधी, गावच्या आरोग्य केंद्रातच हे बोलणे होऊ शकते.

आकडी आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा पाणी घालू नये आणि १०८ ला फोन करावा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ असून मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे.