‘इथे कोणी वाचलंच नाही’ असं लिहिण्याआधी

माझ्या संशोधन आराखड्यात एक वाक्य होतं : ‘परभणी जिल्ह्यात रशियन कादंबऱ्यांना फारसे वाचक नव्हते.’ गाईडनी त्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिलं, ‘कोणत्या भाषेतले वाचक?’ मी फक्त मराठी भाषांतरांच्या याद्या पाहिल्या होत्या. तुम्ही ही चूक करू नका, म्हणून हे लिहितोय.

आधी रशियातलंच उदाहरण घेऊ. चेर्निशेव्स्कीची ‘काय करावे?’ ही कादंबरी आपल्याकडे टॉलस्टॉय-दस्तयेव्हस्कीइतकी कुणाला माहीत नसते. ती त्याने सेंट पीटर्सबर्गच्या तुरुंगात लिहिली आणि 1863 मध्ये ती एका मासिकातून छापून आली. नंतर तिच्यावर बंदी आली, पण तरुणांनी ते अंक जपून ठेवले, हाताने नकला केल्या. दस्तयेव्हस्कीला तिच्यातला विचार पटला नाही. 1864 च्या त्याच्या एका लघुकादंबरीत त्याने तिची खिल्ली उडवली. उलट लेनिनने 1902 मध्ये आपल्या पुस्तिकेला तिचंच नाव दिलं. आता सांगा, ‘वाचकांचं मत’ यातलं कोणतं? दोन्ही. म्हणून मत नोंदवताना ते कुणाचं, कधीचं आणि पुस्तक त्याच्या हाती कसं आलं, हे सोबत लिहायचं.

आता परभणीकडे या. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूतून. परभणीत राहून मराठीत कथा-कविता लिहिणारे बी. रघुनाथ निजामाच्याच बांधकाम खात्यात नोकरीला होते. म्हणजे घरी मराठी आणि कचेरीत उर्दू असलेला वाचक इथे होता. त्याच काळात मंटोंनी गॉर्कीच्या कथा उर्दूत आणल्या होत्या. त्या परभणीत कोणी वाचल्या का, हे शोधायला हवं. मी न शोधताच ‘नाही’ लिहून मोकळा झालो होतो!

कागद शोधताना दोन तारखा विसरू नका. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे जुन्या कागदांसाठी मुंबईसोबत हैदराबादचं अभिलेखागारही बघावं लागतं. आणि 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधीच्या ‘परभणी’च्या आकड्यांत हिंगोलीही धरलेली असते.

गावातल्या जुन्या वाचनालयात गेलात तर पुस्तक देवघेवीचं रजिस्टर मागा. समासातल्या पेन्सिलच्या खुणा बघा. उर्दू येत नसेल तर लिपी शिका; रोज तासभर दिला तर अक्षरं लागायला लागतात.

माझं ते वाक्य आता असं आहे : ‘मराठी भाषांतरांच्या यादीवरून परभणीतल्या वाचकांविषयी निष्कर्ष काढता येत नाही.’ दावा लहान झाला, काम मात्र दोन वर्षांनी वाढलं. पण व्हायव्हाला ते टिकेल. तुमच्या आराखड्यात असं ‘नाही’ कुठे आहे का, आज एकदा तपासून बघा.