सापडलेले बाड आणि बनविलेले भय

शिरूरच्या माणसाला आपल्या गावास घोडनदी का म्हणतात हे सांगावयास नको, आणि ही घोड पुढे भीमेला मिळते हे दौंडकराला सांगावयास नको. या दोन नद्यांच्या प्रदेशात भुताखेतांच्या गोष्टींची वाण कधीच नव्हती. पण आज आम्ही ज्या भयाविषयी बोलणार आहोत ते पिंपळावरचे नव्हे. ते कागदावरचे आहे. एखादी भयकथा ‘ही पाहा अस्सल कागदपत्रे’ असे म्हणून लोकांपुढे ठेवली जाते, लोक ती इतिहास म्हणून स्वीकारतात, आणि मग तिचे परिणाम जिवंत माणसांना भोगावे लागतात. हा प्रकार आपल्या महाराष्ट्रात कसा घडला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभ शिरूरपासूनच करू. इंग्रजांची छावणी येथे होती. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात वेलस्लीच्या हाताखाली लढलेला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला आणि त्याला शिरूरच्या दफनभूमीत पुरले. पुढे याच वॉलेसला आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून मानू लागले. सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला नैवेद्य त्याच्या थडग्यावर नेऊन ठेवू लागले. पुणे जिल्ह्याच्या १८८५ साली छापलेल्या गॅझेटिअरमध्ये याची नोंद आहे. आता हा पुरावा कशाचा? थडगे खरे, वॉलेस खरा, नोंदही खरी. परंतु ही नोंद एवढेच सिद्ध करते की लोकांची तशी श्रद्धा होती. मेलेल्या कर्नलाचा आत्मा तेथे वावरत होता असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. श्रद्धेचा पुरावा निराळा आणि घटनेचा पुरावा निराळा. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढची वाट सोपी होते. शिरूरच्या भोळ्या शेतकऱ्याने कोणाचे वाईट केले नाही. त्याने फार तर चार कणसे वाहिली. शिकलेल्या माणसांची गोष्ट मात्र तशी नाही.

शिकलेल्यांचे कसब पाहावयाचे तर विलायतेकडे वळावे लागते. १७६४ साली लंडनमध्ये ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ या नावाची एक भयकथा प्रसिद्ध झाली. इंग्लंडच्या उत्तरेस एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात १५२९ साली छापलेले इटालियन पुस्तक सापडले आणि त्याचेच हे भाषांतर आहे, असे तिच्या प्रस्तावनेत सांगितले होते. दुसऱ्या आवृत्तीत होरेस वॉलपोल याने कबूल केले की पुस्तक सापडले नव्हते. ते आपणच लिहिले होते. तेव्हापासून ‘सापडलेले बाड’ ही भयकथेची ठरीव युक्ती झाली. १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’ तर सबंध रोजनिशा, पत्रे आणि वर्तमानपत्री कात्रणे यांचीच बनविलेली आहे. वाचकाला आपण फसलो हे ठाऊक असते आणि त्या फसण्यात त्याला मौज वाटते. इथवर आक्षेप घेण्याजोगे काही नाही. कुंकू लावलेल्या नटाला कोणी लबाड म्हणत नाही.

पण हीच युक्ती एका परक्या राज्यकर्त्याने जिंकलेल्या लोकांविषयी योजली म्हणजे काय होते? १८२६ साली लंडनमध्ये दोन पुस्तके निघाली. एक ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास आणि दुसरे ‘पांडुरंग हरी’. दुसऱ्यावर लेखकाचे नाव नव्हते. एका हिंदू माणसाने आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्या आपण इंग्रजी वाचकापुढे ठेवीत आहोत, असा त्यात आव होता. वस्तुतः ती मुंबई सरकारच्या मुलकी खात्यात राहिलेल्या विल्यम ब्राउन हॉकले याची कादंबरी होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातील लूट, दगा, विश्वासघात यांची त्यात रेलचेल आहे. आणि हे सर्व एक मराठी माणूसच आपल्या तोंडाने सांगतो, ही तिची खरी मेख. आरोपीनेच कबुलीजबाब दिल्यावर साक्षीदार कशाला हवेत! १८७३ साली या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तिला प्रस्तावना जोडली. कल्पित माणसाला अशी सरकारी प्रतिष्ठा क्वचितच लाभते.

आता त्याच वर्षाच्या दुसऱ्या पुस्तकाकडे पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. ही घटना निःसंशय आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांस दोषी धरले, हेही प्रसिद्ध आहे. ग्रँट डफने लिहिले की राघोबांच्या मूळ हुकुमात ‘धरावे’ असे होते, रामशास्त्र्यांनी तो कागद मिळविला तेव्हा त्यात ‘मारावे’ केलेले दिसले, आणि हा बदल आनंदीबाईंनी केला असा सार्वत्रिक समज आहे. ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत येथूनच रुजला. परंतु ज्या कागदावर ही सारी कथा उभी आहे, तो कागद आज कोणापुढे नाही. शिवाय अक्षरांचा हिशेब मांडून पाहा. नुसता ‘ध’ खोडून ‘म’ केला तर ‘मरावे’ होते; ‘मारावे’ व्हावयास वर एक काना घालावा लागतो. अशी खाडाखोड झालेला खुनाचा हुकूम पाहून, पैशाच्या बोलीवर काम करणारे गारदी एका अक्षराच्या भरवशावर पेशव्यावर तलवार चालवतील काय? त्यांना तोंडी बोलणे झाल्यावाचून हे घडले असेल, असे आम्हांस वाटत नाही. आनंदीबाई निर्दोष होत्या असे आमचे म्हणणे नव्हे. तसे म्हणावयासही पुरावा पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, न दिसणाऱ्या कागदाच्या आधारावर एका बाईला अडीचशे वर्षे राक्षसीण ठरविणे हा इतिहास नव्हे. त्या खुनाभोवती ‘काका, मला वाचवा’ ही वाड्यातली आरोळीही जोडली गेली. लोक अजूनही रात्री ती ऐकावयास कान देतात. आरोळी ऐकू येत नाही, म्हणून कोणाचे बिघडत नाही. कागद मात्र न पाहताच सर्वांना वाचता येतो!

यापेक्षाही गंभीर गोष्ट पुढची आहे. १८३० नंतर स्लीमनने ठगांच्या बंदोबस्तासाठी माफीचे साक्षीदार तयार केले. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरले. अमुक एक गुन्हा केला हे दाखविण्याची गरज उरली नाही. १८३९ साली निजामाच्या चाकरीतील फिलिप मेडोज टेलर याने ‘ठगाचा कबुलीजबाब’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक अमीर अली आपल्या ७१९ खुनांची हकीकत शांतपणे सांगतो. यातील जवळजवळ सर्व खरे आहे, कल्पित फक्त सांधा जुळविण्यापुरते आहे, असा टेलरचा दावा होता. ठग नव्हतेच असे कोणी म्हणू नये; प्रवाशांना फासून मारणारे दरोडेखोर होते. परंतु जीव वाचविण्यासाठी बोलणाऱ्या साक्षीदाराची जबानी, तिच्यावर कादंबरीकाराचा हात, आणि त्यावर ‘अस्सल’ असा शिक्का, एवढ्या पायऱ्या चढल्यावर वाचकाच्या मनात एकच गोष्ट उरली: या देशात जन्मानेच गुन्हेगार असणारी माणसे आहेत.

एका पुस्तकाने कायदा होत नाही, हे खरे. पण कायदा ज्या हवेत होतो ती हवा पुस्तके तयार करतात. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या कायद्याने तो सर्व देशभर लागू करता येऊ लागला. फासेपारधी, भामटा, कैकाडी यांसारख्या जमातींची नावे यादीत चढली. मूल जन्मले की संशयितच. पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परगावी जावयाचे तर पास घ्यावयाचा. शिरूर-दौंडच्या माळावर पालात राहिलेल्या माणसांना ही हजेरी म्हणजे काय हे पुस्तकात वाचावे लागले नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. कायदा गेला; पण गावात चोरी झाली की पहिली नजर पालाकडे वळते, ती काही राजपत्रातील एका कलमाने वळावयाची थांबत नाही.

मग सामान्य माणसाने अस्सल आणि बनावट यांतला फरक ओळखावा कसा? इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाईच्या वाड्यात सापडलेल्या पत्रांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला आणि बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान देण्याची शिस्त घालून दिली. त्या शिस्तीचे प्रश्न साधे आहेत. कागद कोठे सापडला? तो आजवर कोणाच्या हाती होता? त्याची तिथी, मोडी वळण, मायना, शिक्का त्या काळाशी जुळतात काय? दुसरा स्वतंत्र पुरावा तेच सांगतो काय? आणि शेवटचा प्रश्न आमचा: हा कागद खरा मानल्याने कोणाचा लाभ होतो आणि कोणाची मान कापली जाते? या पाच प्रश्नांपुढे ‘पांडुरंग हरी’ उभा राहत नाही, अमीर अली डळमळतो, आणि ‘ध’चा ‘मा’ तर प्रश्न विचारताच बाजूस सरतो. आता तर प्रत्येकाच्या खिशातील फोनवर रोज नवे ‘सापडलेले’ पत्र आणि नवा ‘अस्सल’ फोटो येतो. प्रश्न तेच पाच आहेत.

या कथेला एक समाधानाचा शेवट आहे. ज्यांच्या नावाने इतरांनी कबुलीजबाब लिहिले, त्यांनीच पुढे लेखणी उचलली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. तेथे बाड सापडल्याचा बहाणा नाही, दुसऱ्याच्या तोंडी घातलेले शब्द नाहीत. लेखकाचे नाव पुस्तकावर आहे आणि त्याच्या म्हणण्याला तोच जबाबदार आहे. या पुस्तकांतही भय आहे. परंतु ते पांघरूण घेऊन ऐकावयाचे भय नव्हे. ते वाचून आपण कोणाला भ्यावयास शिकलो आणि का, हे आपणच आपल्याला विचारू लागतो. घोडनदीच्या थडग्यावर कणीस वाहणाऱ्याला हसण्यापूर्वी आपण एवढे केले तरी पुष्कळ होईल.