नोरी पचवणाऱ्या जनुकांची कुळकथा

बॅक्टेरॉइडिस प्लेबियस हा माणसाच्या आतड्यातला एक जिवाणू. जपानी माणसांच्या विष्ठेतून तो वेगळा काढण्यात आला आणि 2005 साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या जनुकांमध्ये एक सलग तुकडा असा आहे की ज्याचे जवळचे नातेवाईक समुद्रात राहतात. या तुकड्याच्या जोरावर तो नोरी पचवतो. नोरी म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात ते काळपट हिरवे, कागदासारखे समुद्रशेवाळ. हा तुकडा आतड्यात कुठून आला, याचा शोध साखरेच्या रसायनापासून सुरू होतो.

लाल समुद्रशेवाळांच्या पेशीभित्तिकेत गॅलॅक्टोज या साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात. दुधातल्या साखरेचा अर्धा भाग असते तीच ही गॅलॅक्टोज. पण शेवाळात तिची डावे आणि उजवे अशी दोन्ही रूपे आलटून पालटून गुंफलेली असतात. साखळीतल्या डाव्या रूपातून पाण्याचा रेणू निघून गेला की होते आगर. त्याच जागी सल्फेट जडलेले राहिले की पॉर्फिरान. नोरी ज्या पॉर्फायरा कुळातल्या शेवाळांपासून करतात, त्यांच्यात हे पॉर्फिरान भरपूर असते. जमिनीवरच्या धान्यात, भाजीत, फळात अशी साखळी नसते. ती तोडणारे विकर माणसाच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही.

आगराशी जिवाणूशास्त्राचे नाते जुने आहे. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत वाल्थर हेस काम करत होते. जिवाणू वाढवण्यासाठी ते जिलेटिन वापरत, पण उन्हाळ्यात ते वितळे आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकत. त्यांच्या पत्नी फॅनी हेस स्वयंपाकात जेली घट्ट करायला आगर वापरत. त्यांनी तेच सुचवले. आपल्या किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते ते हेच. आगर प्रयोगशाळेत टिकले, कारण बहुतेक जिवाणूंना ते खाता येत नाही. 1902 साली नॉर्वेचे हॉकोन ग्रान यांनी मात्र समुद्रातून आगर खाणारा जिवाणू शोधून दाखवला. समुद्रात जे अन्न मुबलक, ते खाणारा तिथे असणारच, हे त्या शोधाने पक्के झाले.

पुढचा धागा फ्रान्समधला. ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर रॉस्कॉफ इथे सागरी जीवशास्त्राचे केंद्र आहे. तिथल्या एका लाल शेवाळावरून झोबेलिया गॅलॅक्टॅनिव्होरान्स हा जिवाणू वेगळा काढण्यात आला. अमेरिकी सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल यांचे नाव त्याला दिलेले आहे. त्याच्या जनुकांत आगर तोडणाऱ्या विकरांसारखी दिसणारी अनेक जनुके सापडली. त्यांतल्या दोन जनुकांपासून तयार होणारी विकरे आगरावर टाकली तर काहीच होईना. यान-हेंड्रिक हेहेमान, मिर्याम चेक, गुर्व्हाँ मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग वेगवेगळ्या शेवाळांचे अर्क तपासले. पॉर्फायराच्या अर्कावर ती विकरे तत्काळ चालली. पॉर्फिरान तोडणारी विकरे जगात पहिल्यांदाच हाती लागली होती.

हीच जनुके आणखी कुणाकडे आहेत, हे पाहायला त्यांनी जगभरातील जनुकांच्या नोंदी चाळल्या. बाकी सगळे नातेवाईक सागरी जिवाणूंमध्ये निघाले, एक सोडून. तो होता बॅक्टेरॉइडिस प्लेबियस. मग 13 जपानी आणि 18 उत्तर अमेरिकी व्यक्तींच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या जनुकांची उपलब्ध माहिती ताडून पाहिली. जपानी नमुन्यांमध्ये ही जनुके मिळाली, अमेरिकी नमुन्यांमध्ये एकही नाही. एप्रिल 2010 मध्ये हे काम ‘नेचर’मध्ये छापून आले.

जिवाणू अशी जनुके एकेकटी बाळगत नाहीत. शेजारी शेजारी मांडलेल्या जनुकांचा एक संचच असतो. त्यातले एक जनुक बाहेरच्या साखळीची चाहूल घेते, एक ती पकडते, एक आत ओढते, काही तिचे तुकडे करतात, काही सल्फेट काढून टाकतात. उरलेली सुटी साखर मग जिवाणूच्या नेहमीच्या चयापचयात जाते. ॲबिगेल सॅलियर्स यांनी आतड्यातल्याच एका बॅक्टेरॉइडिसमध्ये पिष्ट खाण्याची अशी यंत्रणा उलगडली होती. सगळा संच एकत्र असल्याने तो एका फटक्यात दुसऱ्या जिवाणूकडे जाऊ शकतो. प्लेबियसमध्ये या संचाला लागूनच, दोन जिवाणू एकमेकांना चिकटून डीएनए देतात त्या क्रियेत लागणाऱ्या जनुकांच्या खुणा आहेत. पोचवणाऱ्याची सही तिथे अजून शिल्लक आहे.

आणि पोचवणारे वाहन नोरीच असणार. शेवाळावर सागरी जिवाणू राहतातच. जपानमध्ये समुद्रशेवाळ इतके मोलाचे होते की आठव्या शतकात ते सरकारला कर म्हणून भरले जाई. न भाजलेल्या नोरीबरोबर जिवंत सागरी जिवाणू पिढ्यानपिढ्या पोटात गेले. ते आतड्यात टिकले नसतील, पण कधीतरी त्यांची जनुके तिथल्या रहिवाशाकडे गेली. रोज नोरी येत होती, म्हणून हा संच उपयोगी पडला आणि राहिला. अभ्यासातल्या जपानी व्यक्तींमध्ये अजून दूध न सुटलेली एक मुलगीही होती. तिच्याकडे आणि तिच्या आईकडेही ही जनुके होती. म्हणजे आता ती घरातल्या घरातही पुढे जात असावीत.

या कहाणीत पुढे भर पडली. 2018 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पॉर्फिरान पचवणारा संच असलेले जिवाणू उंदरांना दिले आणि सोबत नोरी खाऊ घातली. त्या खाद्याच्या बळावर या जिवाणूंनी, आधीच भरलेल्या आतड्यातही, आपली जागा मिळवली. 2022 साली आणखी व्यापक शोधात असे दिसले की शेवाळ पचवणारी जनुके समुद्रातून आतड्यात एकदाच आलेली नाहीत. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जिवाणूंमध्ये आली आहेत आणि ती जपानपुरती मर्यादितही नाहीत.

या कुळकथेने मला वंशाकडे पाहायची एक नवी दृष्टी दिली. आपण कूळ म्हणजे आईबापांकडून खाली येणारी सरळ रेघ समजतो. पण अन्न पचवण्याची आपली कितीतरी ताकद आतड्यातल्या जिवाणूंची आहे, आणि त्यांनी ती शेजाऱ्यांकडून, परक्यांकडून, प्रसंगी समुद्राकडूनही घेतलेली असते. समाज काय खातो यावर त्याच्या पोटातल्या जनुकांची यादी ठरते.

पॉर्फायराची एक जात पावसाळ्यात कोकण आणि गोव्याच्या खडकांवरही उगवते, आणि तिच्यातही पॉर्फिरान असते. त्या खडकांवरच्या जिवाणूंकडे आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या आतड्यांकडे आपल्या विद्यापीठांतल्या तरुण संशोधकांनी या नजरेने पाहावे. साधने आता महाग राहिलेली नाहीत, आणि किनारा तर आपलाच आहे.