पदार्थातला इफ-एल्स : लोखंडाच्या सँडविचपासून पुण्याच्या स्वतः सांधणाऱ्या जेलपर्यंत

आजच्या भागात राजे नाहीत, लढाई नाही, तह नाही. आजचा इतिहास आहे पदार्थांचा. आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या पाषाण भागात घडलाय.

आधी थोडं बेसिक. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब माळ. अशा माळा एकमेकींना जागोजागी गाठ मारून जोडल्या की जाळं तयार होतं. त्या जाळ्यात पाणी अडकलं की झालं जेल. (तुरुंगवालं नाही राजेहो!) भिजवलेला सब्जा आठवा. काळ्या दाण्याभोवती जो बुळबुळीत पांढुरका थर येतो ना, तेच.

आता यातली काही पॉलिमर भारी असतात. उष्णता, मीठ, आम्ल, वीज, यातलं काहीतरी बदललं की ती आपलं रूप बदलतात. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हा सरळ इफ-एल्स दिसतो. 'मीठ आलं तर आकस, नाहीतर फुग.' फरक इतकाच की इथे अट प्रोसेसरमध्ये नसते, रेणूच्या रचनेतच लिहिलेली असते. यांना म्हणतात स्टिम्युलाय-रिस्पॉन्सिव्ह पॉलिमर. आपण म्हणू प्रतिसादी पॉलिमर.

चला १९५१ मध्ये. अमेरिकेतल्या ड्युकेन विद्यापीठात थॉमस कीली आणि पीटर पॉसन फुल्व्हॅलीन नावाचा रेणू बनवायला गेले. तो बनलाच नाही. हाती आली नारिंगी रंगाची, लोखंड असलेली आणि चांगलीच टिकाऊ पूड. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या एका गटालाही हाच पदार्थ मिळाला होता. तो तयार झाला, पण आतून दिसतो कसा?

१९५२ मध्ये विल्किन्सन आणि वुडवर्ड यांच्या गटाने, आणि वेगळ्या वाटेने जर्मनीत फिशर यांनी, उत्तर दिलं. पाच-पाच कार्बनची दोन कडी, आणि त्यांच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. दोन भाकऱ्यांमध्ये ठेचा, असं समजा. केमिस्ट लोक याला सँडविचच म्हणतात. नाव पडलं फेरोसीन. १९७३ मध्ये फिशर आणि विल्किन्सन यांना नोबेल मिळालं.

या सँडविचची खुबी काय? त्यातलं लोखंड एक इलेक्ट्रॉन सहज देतं आणि परत घेतं, तरी रचना मोडत नाही. म्हणजे चालू-बंद होणारं बटण. हे बटण पॉलिमरच्या माळेत ओवायचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १९५५ मध्ये माळेला बाजूने फेरोसीन लटकवलेलं पॉलिमर बनलं. माळेच्या कण्यातच फेरोसीन असलेली लांब साखळी बनवणं मात्र अवघड होतं. १९९२ मध्ये टोरंटोत इयन मॅनर्स यांच्या गटाने ताणलेली कडी असलेला फेरोसीनचा रेणू घेतला आणि तापवला. ताण असह्य होऊन कडी उघडली, आणि उघडलेल्या कड्या एकमेकींत गुंफत गेल्या. अशा पॉलिमरमधून इलेक्ट्रॉन काढला की त्यावर धन प्रभार येतो आणि ते पाण्याशी जास्त सलगी करतं. इलेक्ट्रॉन परत दिला की पुन्हा पहिल्यासारखं.

याचा उपयोग? घरात कोणाला शुगर असेल तर बोटाला टोचून रक्त तपासायचं यंत्र पाहिलं असेल. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधकांनी दाखवलं, की रक्तातल्या ग्लुकोजकडून आलेला इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचवायचं हमालीचं काम फेरोसीन करू शकतं. जितकी साखर, तितकी वीज. १९८७ मध्ये यावर चालणारं पेनाच्या आकाराचं यंत्र बाजारात आलं. आजच्या प्रत्येक पट्टीत फेरोसीनच असतं असं नाही, पण वाट त्याने दाखवली.

दुसरी वाट होती जेलची. १९६८ मध्ये हेस्किन्स आणि गिलेट यांनी एका पॉलिमरचा अभ्यास छापला. ते थंड पाण्यात विरघळतं आणि साधारण ३२ अंशांच्या वर पाण्यापासून फारकत घेतं. याचंच जेल केलं की ते गार पाण्यात फुगतं आणि तापलं की पाणी सोडून आकसतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा ते टेबलावर पडल्या पडल्याच आकसून बसेल! १९७८ मध्ये एमआयटीच्या तोयोइची तानाका यांनी दाखवलं, की परिस्थितीत जरासा बदल झाला तरी जेलचं आकारमान एकदम कोसळू शकतं.

आता येऊ पुण्यात. नॅशनल केमिकल लॅबोरेटरी, म्हणजे एनसीएल. उद्घाटन ३ जानेवारी १९५०. मूळचे गोव्यातल्या माशेलचे आणि गिरगावात वाढलेले रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये इथे आले. ऐंशीच्या दशकात एनसीएलने 'जलशक्ती' नावाचं पाणी शोषणारं पॉलिमर तयार केलं. कल्पना साधी होती. मातीत मिसळा, ते पाणी धरून ठेवेल आणि मुळांना हळूहळू देईल. कोरडवाहू कपाशीच्या विदर्भात राहणाऱ्याला यातली आशा समजावून सांगायला नको.

पण इथेच एक गोम आहे. अशी जेल शुद्ध पाण्यात प्रचंड फुगतात, कारण माळेवरचे सारख्या प्रभाराचे गट एकमेकांना ढकलतात. पाण्यात क्षार आले की ही ढकलाढकल मंदावते. खतं, जड पाणी, काळ्या मातीतलं कॅल्शियम, यांच्यासमोर जेल कमी पाणी पितं. म्हणजे शेतात जो दोष, तोच प्रयोगशाळेत 'प्रतिसाद'. गुण तोच, फक्त प्रश्न बदलला.

एनसीएलमध्ये माशेलकर, आशीष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न लावून धरला. जेल का फुगतं, का आकसतं, आतले हायड्रोजन बंध काय करतात? तिथेच पीएचडी करणाऱ्या श्यानी वर्गीस आणि या दोघांनी एक खास जेल अभ्यासलं. जाळ्याला लोंबत्या शेपट्या, आणि प्रत्येक शेपटीच्या टोकाला आम्लाचा गट. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं, की धातूंचे आयन दिले की अशा जेलचे कापलेले तुकडे परत जुळतात.

पुढे वर्गीस सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या. २०१२ मध्ये तिथून शोधनिबंध आला, सहलेखकांमध्ये माशेलकर आणि लेलेही होते. आता धातूही लागत नव्हता. आम्लात दोन तुकडे एकमेकांना लावले की काही सेकंदांत जुळतात, अल्कली दिली की परत सुटतात. रहस्य शेपटीच्या लांबीत होतं. आखूड असेल तर पलीकडे हात पोचत नाही, फार लांब असेल तर शेपट्या आपसातच गोळा होतात. बरोबर मधली लांबी हवी. पोटात आम्लच असतं, म्हणून जठराच्या जखमा सांधायला किंवा आम्लाच्या टाक्यांची गळती बुजवायला हे वापरता येईल, असं त्या गटाने सुचवलं.

आता हिशेब करा. फेरोसीन ते शुगरचं पेन, ३६ वर्षं. सेकंदांत सांधणारं जेल, त्यामागे एका प्रयोगशाळेने कित्येक वर्षं जेल फुगतं कसं हे शिकण्यात घालवलेली. १९५१ मध्ये कोणी पॉसन यांना 'याचा उपयोग काय?' विचारलं असतं, तर मधुमेह हे उत्तर कोणाच्याच तोंडी आलं नसतं. आपल्याकडे केमिस्ट्री घेतलेल्या पोराला पहिल्याच वर्षी विचारतात, 'पॅकेज किती?' प्रश्न चुकीचा नाही, घर सगळ्यांनाच चालवायचंय. पण ज्या देशाला फक्त तोच प्रश्न विचारता येतो, त्याला पट्ट्या विकत घ्याव्या लागतात, आतला रेणू दुसरीकडे बनतो. पाषाणमध्ये काही लोकांनी दुसरा प्रश्नही विचारला, 'हे असं का वागतं?' आणि तो बरीच वर्षं सोडला नाही.

तर मंडळी, भाग आवडला असेल तर केमिस्ट्रीच्या पेपरला घाबरणाऱ्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!