शिकाऊ मानसतज्ज्ञाची घडण

मानसतज्ज्ञाच्या शिक्षणाची मुळे प्रयोगशाळेत आहेत. लायप्झिगला विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. तिथे पहिल्यांदा आला तो स्पेलिंग न जमणारा एक मुलगा. तपासणी आणि शिकवणी एवढाच तिथला उपचार होता.

बोलून करायच्या उपचारांचे रीतसर शिक्षण बर्लिनच्या मनोविश्लेषकांनी १९२० पासून बसवले. शिकाऊ उमेदवाराने आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यायचे, व्याख्याने ऐकायची आणि मग ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहायचे. स्वतःच्या मनाची ओळख नसलेला माणूस दुसऱ्याचे मन नीट ऐकू शकत नाही, हा त्यामागचा विचार आजही खोटा ठरलेला नाही. या पद्धतीत उणीव होती ती एकच, पण मोठी. बंद दाराआड काय घडले, हे ज्येष्ठांना शिकाऊ उमेदवार सांगेल तेवढेच कळे.

ते दार अमेरिकी मानसतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी उघडले. १९४० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसह समुपदेशनाच्या बैठकी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत भरे, म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. त्या तबकड्या पुन्हा ऐकताना आपण कुठे मध्येच बोललो, कुठे घाईने सल्ला दिला आणि समोरचा कुठे गप्प झाला, हे विद्यार्थ्याच्या थेट कानावर येई. बैठकीनंतर आठवणीने लिहिलेल्या टिपणांतून बरेच काही गळते, हेही त्यातूनच उघड झाले. रॉजर्स यांच्या १९४२ च्या पुस्तकात एका माणसाच्या आठही बैठकी शब्दशः छापल्या आहेत. या शिक्षणाच्या इतिहासात याहून मोठे वळण दाखवणे कठीण आहे.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेला मोठ्या संख्येने मानसतज्ज्ञ हवे होते. त्यांनी संशोधन आणि उपचार दोन्ही शिकावे, असे १९४९ च्या बोल्डर परिषदेत ठरले.

भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. रुग्णालयाशी जोडलेले शिक्षण मात्र १९५० च्या दशकात बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निम्हान्समध्ये सुरू झाले. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने चिकित्सा मानसतज्ज्ञांसाठी नोंदणी आली. त्या नोंदणीकडे नेणाऱ्या दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये उमेदवार वॉर्डात आणि बाह्यरुग्ण विभागात रुग्णांची माहिती घेत, चाचण्या करत, उपचार करत आणि प्रत्येक केस वरिष्ठांपुढे मांडत आला आहे.