पाण्याने पेटणारा अग्नी



देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नर्मदेच्या खोऱ्यात, लोहारदा नावाचे एक लहानसे गाव आहे. या मुलखात काळ्या मातीचे आणि काळ्या दगडाचे राज्य आहे. हा दगड कोठून आला असे वर्गात विचारले, तर मुले तत्परतेने ‘ज्वालामुखीतून’ असे उत्तर देतात आणि फळ्यावर एक शंकूसारखा डोंगर काढून त्याच्या शेंड्यातून धूर निघताना दाखवितात. उत्तर बरोबर असते. चित्र मात्र चुकते. या चुकीमागे पृथ्वीच्या इतिहासातील एक मोठा भेद दडलेला आहे. आज त्याविषयी थोडेसे बोलावयाचे आहे.

माळव्याचा आणि महाराष्ट्राचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या वेळी येथे शंकूच्या आकाराचे डोंगर पेटले नव्हते. भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुरासारखा बाहेर पसरला. एक थर निवाला की त्यावर दुसरा, अशी ही रचना झाली. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या याच थरांच्या होत. हा अग्नी पृथ्वीच्या पोटातील अतितप्त पदार्थ वर उसळल्याने निर्माण झाला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

मग मुलांच्या चित्रातला डोंगर कोठला? तो पाहण्यासाठी आपल्याला बंगालच्या उपसागरापलीकडे गेले पाहिजे. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरांवर बॅरन बेट आहे. त्याच्या उद्रेकाची नोंद १७८७ पासून मिळते. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर याने ते धगधगताना पाहिले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मॅलेट याने त्याचा अभ्यास करून १८८५ मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. दीर्घ काळ शांत राहिलेले हे बेट १९९१ मध्ये पुन्हा जागे झाले. त्याच्या दक्षिणेस सुमात्रा, जावा आणि बाली. सर्वत्र ज्वालामुखी आहेत, आणि नकाशावर ते एखाद्या ताणलेल्या धनुष्याप्रमाणे वक्र रेषेत उभे दिसतात.

ही ओळ योगायोगाची नव्हे. जपानी शास्त्रज्ञ वादाती याने १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, आपल्या देशाजवळचे भूकंप समुद्राकडून भूमीकडे क्रमाने खोल खोल होत जातात. पुढे बेनिऑफ याने जगाच्या इतर किनाऱ्यांवर तेच पाहिले. त्याचा पूर्ण अर्थ १९६० नंतर उमगला: समुद्रतळाचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली तिरपा बुडत असतो, आणि तो खाली जाताना ठेचकाळतो त्याचेच ते भूकंप.

बुडणारा भूपट्ट तर थंड असतो. मग त्याच्यामुळे आग कशी पेटते? याचे उत्तर मोठे विस्मयकारक आहे. ती पाण्यामुळे पेटते! कोट्यवधी वर्षे समुद्राखाली राहिलेल्या खडकांच्या खनिजांत पाणी मुरलेले असते. भूपट्ट सुमारे १०० किलोमीटर खोल जाईपर्यंत दाब आणि उष्णता वाढून ते पाणी सुटते व वरच्या तप्त प्रावरणात शिरते. बर्फात मीठ घातले म्हणजे तो कमी तपमानावर वितळतो, हे कुल्फी करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तेच काम येथे पाणी करते. खडक वितळतो, शिलारस वर चढतो आणि त्या खोलीच्या नेमका वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. भूपट्ट उभट बुडत असेल तर रांग सागरी गर्तेजवळ येते. सपाट बुडत असेल तर दूर जाते. वर येताना या शिलारसातील पाण्याची वाफ फुगते. म्हणून आमचा काळा दगड वाहिला. ते डोंगर मात्र बहुधा फुटतात.

त्यांतील सर्वांत भयंकर स्फोट सुमात्रातील टोबा येथे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. आज तेथे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. त्याची राख तीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आपल्या देशात येऊन पडली. शोणेच्या खोऱ्यात ती सापडली, नर्मदेच्या वरच्या अंगालाही सापडली. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठीही राखेचा असाच थर आहे, आणि तेथेच आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली.

येथे विद्वानांत मतभेद झाला. काहींनी बोरीची राख त्याच ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविली. इतरांनी ती टोबाच्याच लाखो वर्षे जुन्या उद्रेकाची मानली. हा वाद केवळ आकड्यांचा नाही. कुकडीच्या काठी माणूस केव्हापासून दगड घडवीत होता, याचे उत्तर त्या मूठभर राखेच्या वयावर अवलंबून आहे. शिवाय पावसाने राख वाहून दुसरीकडे साचते. तेव्हा राखेशेजारी हत्यार मिळाले म्हणून दोन्ही एकाच काळची असे म्हणता येत नाही. साक्षीदार खरा असला तरी तो कोठे उभा होता, हे तपासावेच लागते.

या आघाताने भारतातील माणूस जवळजवळ नष्ट झाला, असाही एक तर्क होता. परंतु शोणेच्या काठी ढाबा येथील संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ८० हजार वर्षांपासून तेथे हत्यारे घडविण्याची परंपरा खंडित झालेली दिसत नाही. आकाशातून राख पडली, तरी नदीकाठचा माणूस आपल्या कामावर राहिला.

ज्या भूपट्टाने ही राख पाठविली, त्यानेच २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमान व तमिळनाडूचा किनारा सुनामीने उद्ध्वस्त केला. तो आजही बुडतो आहे. म्हणून मुलांना मी सांगतो: तुमच्या चित्रातला डोंगर खोटा नाही. तो आपला नव्हे, एवढेच. मात्र त्याची राख आपल्या नद्यांच्या काठी आहे. पुढच्या वेळी चित्र काढताना डोंगराखाली समुद्र काढावयास विसरू नका.